एक वर्ष जास्तीचं

आईला न्यूमोनिया झाला तेव्हा चंद्रपूरच्या वॉर्डात रात्री जागून काढल्या. सलाईनसाठी शीर सापडेना. एका सिस्टरने रबरी पट्टा बांधला, कोपराच्या खोलगटात बोट फिरवत क्षणभर थांबली आणि एका टोचण्यात सुई बसवली. ती जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, की बीएस्सी, हे मनातही आलं नाही.

कोरपन्याला परतले, तर बहिणीकडे नेमका तोच विषय. भाचीला बारावीला जीवशास्त्र आहे, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या. जीएनएम 3 वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं, त्याला सीईटी. भाऊजी म्हणतात, वर्षभर आधी पगार सुरू होईल. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्याला वर्ष म्हणजे अख्खा हंगाम. त्यांना काय बोलणार? पुढे 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, हेही त्यांना ठाऊक आहे. पण पगाराची सवय लागल्यावर पुन्हा बाकावर कोण बसतं! शिवाय एम्सच्या भरतीत जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या दवाखान्यातला 2 वर्षांचा अनुभव मागतात. आमच्या भागात तेवढ्या खाटा शोधाव्या लागतात.

मला बीएस्सीच हवं वाटतं. त्यात तिचं भलं किती आणि माझ्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची हौस किती, ते मात्र नीट वेगळं करता येत नाही.

भाची गप्प असते. सीईटीचा फॉर्म तरी भर, म्हटलं. भाऊजींनी न बोलता जातीचा दाखला शोधून दिला. सध्या एवढंच.