आधी पालकांचा नंबर, मग बिल्ड!

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलसाठी एक सॉफ्टवेअर केलं. कोण कुठल्या रूममध्ये, रक्तगट काय, घरचा फोन कोणता, सगळं एका क्लिकवर! रेक्टर मॅडमनी ते खरंच वापरायला घेतलं, तेव्हा आम्ही नुसत्या हवेत होतो.

आणि मग ती रात्र. माझ्याच रूममेटला अडीच वाजता सणसणून ताप भरला, ती बरळायला लागली. मॅडमनी कॉम्प्युटर लावला, नाव टाकलं. पालकांच्या फोनपुढे काय, तर ‘नल’! तिचा मोबाईल लॉक. शेवटी ऑफिसच्या काकांना उठवलं, कपाट उघडून तिचा कागदी फॉर्म काढला, तेव्हा कुठे तिच्या आईशी बोलणं झालं. (ती आता ठणठणीत आहे आणि तिला विचारूनच हे लिहितेय.) पण तो कोड माझा होता.

एका मुलीच्या ऑब्जेक्टला नऊ गोष्टी लागत होत्या, त्यातल्या सहा स्ट्रिंग. एवढा लांबलचक कन्स्ट्रक्टर लिहिला की रक्तगटाच्या जागी रूम नंबर गेला तरी कम्पायलर हूं की चूं करत नाही. म्हणून मी बिल्डर वापरला. हा पॅटर्न ‘गँग ऑफ फोर’च्या १९९४ च्या पुस्तकातला, पण आपण जावावाले तो जसा लिहितो ते रूप जोशुआ ब्लॉकच्या ‘इफेक्टिव्ह जावा’मुळे रूढ झालं. एकेक मेथड बोलवा, प्रत्येक मेथड तोच बिल्डर परत देते, शेवटी बिल्ड(). वाचायला किती छान! फक्त मधली एखादी ओळ गाळली तरी बिल्ड() खुशाल चालतो. ब्लॉकने सक्तीच्या गोष्टी बिल्डरच्या कन्स्ट्रक्टरलाच द्यायला सांगितल्यात. पण माझ्या सहाही स्ट्रिंग सक्तीच्या, म्हणजे फिरून तोच घोळ.

उत्तर मिळालं ते ऑफिसच्या खिडकीत. आठवतंय ना? आधी फी भरा, ती पावती दाखवली की मेडिकलचा कागद, त्यावर शिक्का पडला की मगच रूमची चावी. काकांना आपण सगळे किती शिव्या घालतो! पण त्या रात्री नंबर सापडला तो त्यांच्याच फाईलमध्ये.

कोडमध्ये तसंच करायचं. नाव() ने बिल्डर परत द्यायचाच नाही, असा इंटरफेस द्यायचा ज्यात फक्त पालकफोन() आहे. पालकफोन() ने असा द्यायचा ज्यात फक्त रक्तगट() आहे. असं करत शेवटच्या इंटरफेसमध्येच बिल्ड(), आणि ऐच्छिक गोष्टीही तिथेच. टिंब दिलं की एक्लिप्स पुढची एकच पायरी दाखवतं. गाळायची म्हटलं तर कम्पाईलच होत नाही. इंग्रजीत याला स्टेप बिल्डर म्हणतात; मराठीत काय म्हणतात देव जाणे, मी टप्प्यांचा बिल्डर म्हणते.

हे लावून जुना कोड कम्पाईल केला तर तीन ठिकाणी लाल रेघा. दोन टेस्टमधल्या, किरकोळ. तिसरी, स्पॉट राऊंडच्या मुलींची यादी भरणाऱ्या फाईलमध्ये. पालकफोनची ओळच नव्हती! डेमोच्या आदल्या रात्री ‘नंतर टाकू’ म्हणून मीच सोडली होती. माझी रूममेट स्पॉट राऊंडचीच. तिच्यासारख्या एकूण अकरा जणी निघाल्या.

ग्रुपमधली एक म्हणाली, “अगं, बिल्ड() मध्येच तपास ना, नल असेल तर एक्सेप्शन फेक. सहा इंटरफेस कशाला?” तिचंही खरं आहे. पायऱ्यांचा क्रम एकदा ठरला की ठरला, आणि फाईल वाढते ती वेगळीच. सगळ्या गोष्टी ऐच्छिक असतील तर मीही हा खटाटोप करणार नाही. पण एक्सेप्शन येतं प्रोग्रॅम चालताना, म्हणजे ॲडमिशनच्या दिवशी, मॅडमसमोर. लाल रेघ येते माझ्या टेबलावर. तरी तिचा तपास मी ठेवलाच, कारण पायरी चढली की नाही एवढंच कम्पायलर बघतो. हातात काय दिलंय, रिकामी स्ट्रिंग की खरा नंबर, ते त्याला कळत नाही.

मग अकरा जणींच्या दारात वही घेऊन फिरले. एकीने पालकांचा म्हणून स्वतःचाच दुसरा नंबर दिला. “घरी उगाच टेन्शन नको गं.” दहा आकडी, बरोबर, बिल्ड() आनंदाने घेणार! अर्धा तास तिच्या कॉटवर बसून वाद घातला. शेवटी तिने मावशीचा दिला. मी तिच्यासमोरच लावून बघितला, मावशीनेच उचलला.