घासलेट नाही

सत्तरच्या दशकात गोरेगाव-अंधेरीच्या चाळींत आखाताचं राजकारण रेशनच्या दुकानावर खडूने लिहिलेलं असायचं : 'घासलेट नाही'. ज्या दिवशी गाडी येणार, त्या दिवशी पहाटेपासून पत्र्याचे डबे रांगेत. डबा ठेवला की माणसाने घरी जावं, रांगेत त्याची जागा डबा सांभाळणार. कुणी तो पायाने मागे सारला की शेजारधर्म संपला! घासलेट मिळालं नाही तर भुशाची शेगडी. वखारीतून भुसा आणायचा, मधोमध बाटली उभी धरून तो ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. ती नीट निघाली नाही तर अख्खा भुसा ढासळायचा आणि आईचा आवाज चढायचा.

या रांगांच्या गोड आठवणी काढणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. रांगेत बहुतेक बायका असत, आणि त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. म्हणूनच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांनी महागाईविरुद्ध बायका एकत्र केल्या. लाटणी घेऊन, थाळ्या बडवत त्या रस्त्यावर उतरल्या. साखर, धान्य यांच्या बरोबरीने घासलेट हीही मागणी होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरकडे गेला. 'ऊर्जासुरक्षा' हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं, पण त्याचा अर्थ गोरेगावच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक होता.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं, १९७६ पासून ते वर येऊ लागलं. तेल आपल्या समुद्रातलं, पण 'सागर सम्राट' बांधलं होतं जपानमध्ये. हे नवं नव्हतं. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज मिळू लागली, तेव्हाही पाणी सह्याद्रीचं आणि यंत्रं युरोपातली. (आणि पुढे मुळशीच्या धरणासाठी जमिनी मावळ्यांच्या. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याचसाठी झाला. स्वच्छ विजेची किंमत कुणी मोजायची, हे भांडण शंभर वर्षांचं आहे.)

मग गॅसचा जमाना आला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, ओळख असली तर खासदाराच्या कोट्यातलं कुपन मिळवायचं. आज घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक इमारतींत महानगर गॅसचा पाइप थेट ओट्यापर्यंत येतो आणि सिलिंडर उचलून आणणाऱ्याची ओळखही उरलेली नाही. रांग गेली, परावलंबन राहिलं. देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल अजून बाहेरूनच येतं. निम्म्याहून अधिक एलपीजीही बाहेरचाच, त्यातला बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. फक्त आता खडूची पाटी नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

आता सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल चढताहेत. इथेही ऊन आपलं, पण जगातल्या पॅनेल-साखळीच्या प्रत्येक टप्प्याचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून मोठा हिस्सा चीनच्या हातात. म्हणून भारताने एप्रिल २०२२ पासून आयात मॉड्यूलवर, म्हणजे तयार पॅनेलवर, ४० टक्के आणि त्यातल्या सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी सेलही भारतीय लागतात, आणि ते महाग पडतात. तरीही घासलेटची आणि पॅनेलची आयात मी एका मापाने मोजणार नाही. जहाजभर तेल जळून जातं आणि पुन्हा जहाज लागतं. पॅनेल एकदा उतरलं की विकणाऱ्याने उद्या तोंड फिरवलं तरी पंचवीस वर्षं वीज देत राहतं. चीनची भीती खरी आहे, पण ती उद्याच्या कारखान्यांची भीती आहे. आज संध्याकाळी चूल पेटेल की नाही, ही नव्हे.

हे सगळं बोरिवलीतल्या सोसायटीच्या सभेत मांडून पाहावं. सेक्रेटरी दोन कोटेशनं वाचतात : देशी सेलचं आणि विनाअनुदानाचं. हिशेब पटतो. मग मागच्या रांगेतून कुणी काका विचारतात, "अहो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार ना? मग पंचवीस वर्षांचं पॅनेल कुठल्या गच्चीवर?" विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो आणि चर्चा पार्किंगकडे वळते.