चूल कोण पेटवतं?

नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) सिनेमा करायचाय असं सांगितलं, की समोरचा एक नाव घेतोच. नागराज मंजुळे. ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनशास्त्र शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. २००९ साली त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं ‘फँड्री’चं शूटिंग शहराजवळच्या अकोळनेरला झालं. ‘ख्वाडा’वाले भाऊराव कऱ्हाडेही नगरलाच शिकले. सिनेमासाठी त्यांनी जमीन विकली, हे इथल्या बापांना पाठ आहे. पोरीनं कॅमेऱ्याचं नाव काढलं, की वडील आधी सातबारा जागेवर आहे का ते बघतात.

या लोकांमुळं एक फार चांगलं झालं. सिनेमा हे मुंबईवाल्यांचंच काम, ही समजूत गेली. पण तिच्या जागी दुसरी बसली: मोठा दिग्दर्शक एकदा भेटला, की झालं. या समजुतीवर वर्कशॉपांचा आख्खा बाजार चालतो. अशाच एका दोन दिवसांच्या ‘मास्टरक्लास’ला मी गेले होते. फी साडेतीन हजार. आमच्याकडं दोन गायी. खुराकाचे पैसे वजा जाता दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात जे उरलं, ते तिकडं गेलं. हॉलमध्ये दीडशे पोरं. दिग्दर्शक दीड तास स्वतःच्या संघर्षावर बोलले. छानच बोलले. मग सेल्फीची रांग लागली. त्या दोन दिवसांत कुणाच्या स्क्रिप्टची एक ओळसुद्धा कुणी वाचली नाही. सर्टिफिकेट मात्र जाड कागदाचं होतं.

दुसऱ्या वर्कशॉपला आम्ही फक्त बारा जण होतो. फी नव्हती, जेवणाचे पैसे तेवढे आपले. प्रत्येकानं स्क्रिप्ट आधी पाठवायची होती. शिकवणाऱ्या मॅडमनी दोन सिनेमे केलेत, नाव सांगितलं तर तुमच्यातले निम्मे ओळखतील. त्या आल्या तेव्हा बाराही स्क्रिप्टवर पेन्सिलच्या खुणा होत्या.

माझी गोष्ट पाथर्डीकडची. आमच्या भागातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. लहान पोरं बरोबर जातात, शाळेतली बऱ्याचदा आजीपाशी राहतात. मी लिहिलं होतं अशाच मागं राहिलेल्या एका मुलीवर. पहिला सीन: ट्रॅक्टर निघतो, आई पदरानं डोळे पुसते, मुलगी मागं पळते.

मॅडम म्हणाल्या, “ट्रॅक्टरमागं पळणारी पोरगी मी खूपदा बघितलीये. मला दुसऱ्या दिवशीची सकाळ सांग. चूल कोण पेटवतं?”

मला सांगता येईना. आमच्या घरातून कुणी तोडीला गेलेलं नाही. पण शाळेतली माझी मैत्रीण पाच वर्षं अशी मागं राहिली होती. तिला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, “मीच पेटवायचे की. पहिल्या वर्षी सवयीनं पाच जणांच्या भाकरी थापल्या. खाणारे तिघंच. मी, भाऊ नि आजी. आजी काही बोलली नाही, उरलेल्या फडक्यात बांधून ठेवल्या. संध्याकाळी त्याच खाल्ल्या.” थोडं थांबून तिनं विचारलं, “पिक्चरमध्ये माझं नाव टाकणार का?”

ट्रॅक्टरचा सीन त्या रात्रीच काढला. आता सिनेमा भाकरी मोजण्यापासून सुरू होतो. मैत्रिणीचं नाव पाटीवर लेखक म्हणून माझ्या शेजारी येणार आहे.

बड्यांच्या जगातही हेच चालतं, फक्त तिथं विमानं असतात. चैतन्य ताम्हाणेंना २०१६-१७ मध्ये रोलेक्सच्या योजनेतून अल्फोन्सो क्वारोन हे मेक्सिकन दिग्दर्शक मार्गदर्शक म्हणून मिळाले. क्वारोन ‘रोमा’ करत होते, ताम्हाणे त्या सेटवर राहिले. पुढं ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला क्वारोन कार्यकारी निर्माते झाले आणि २०२० मध्ये व्हेनिसला त्या मराठी सिनेमाला पटकथेचा पुरस्कार मिळाला. अर्थात ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ तोवर जगभर गाजला होता. रोहन कानवडे तर फिल्म स्कूलला गेलेच नाहीत. त्यांचं ‘साबर बोंडं’ व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजमध्ये घडत गेलं आणि २०२५ मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आलं. दोघांनाही भाषण नाही, वेळ मिळाला. मला त्यांचा हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. पासपोर्ट काढता येतो, इंग्रजीत अर्ज भरून देणारा मित्रही सापडतो. आपलं लिखाण पाचव्यांदा वाचणारं माणूस सापडत नाही.

मॅडम अजून वाचतात. महिन्यातून एक फोन, बहुतेक रात्री दहानंतर, आणि कौतुक जवळजवळ नाहीच. “आजी जास्त बोलतीये” एवढंच एकदा बोलून त्यांनी फोन ठेवला. मी आजीचे सात संवाद कापले. एक चोरून ठेवलाय, तो मला आवडतो.

सहावा ड्राफ्ट पोळ्यापर्यंत द्यायचाय. दिवाळीच्या आसपास टोळ्या हलतील, आणि सिनेमातली आई आमच्याच गावातली आहे, तीही जाणार. म्हणजे शूटिंग त्याआधीच उरकायला हवं. कॅमेरा मित्राचा मिळतोय. साउंडवाला अजून ठरायचाय.