जबड्याची तक्रार



मराठी शिकताना तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द तुम्हांला भेटतात. 'जबडा' हा त्यांपैकीच एक. उर्दूतही तो जबडाच. तोंडात सर्वांत शेवटी उगवणाऱ्या दाढेला मराठीत 'अक्कलदाढ' म्हणतात, उर्दूत 'अक्लदाढ'. म्हणजे या पाठातल्या शब्दांची तुम्हांला भीती वाटायला नको. शब्द ओळखीचे आहेत. पण तो अवयव मात्र आपल्या फारसा ओळखीचा नसतो. घास चावणे, बोलणे, हसणे, जांभई देणे ही कामे तो दिवसभर निमूटपणे करतो. आपले लक्ष त्याच्याकडे जाते ते तो दुखू लागल्यावरच.

मी मालेगावात शिक्षक आहे. इतक्या वर्षांत घरी, शेजारी आणि वर्गात जबडा दुखण्याच्या बऱ्याच तक्रारी मी पाहिल्या. तक्रार एकच, पण कारण प्रत्येक वेळी निराळे निघाले. काही कारणे अगदी साधी होती. काहींनी मात्र माणसाच्या जिवाशी गाठ घातली. म्हणून हा विषय तुमच्याशी बोलावासा वाटतो.

आधी एक छोटा प्रयोग करा. दोन्ही हातांची एकेक बोटे दोन्ही कानांच्या अगदी पुढे ठेवा. आता तोंड हळूहळू उघडा आणि मिटा. बोटांखाली काहीतरी सरकल्यासारखे लागते ना? तो जबड्याचा सांधा. चेहऱ्याच्या हाडांत हलणारे हाड एकच, ते म्हणजे खालचा जबडा. दाराची बिजागरी नुसती फिरते; हा सांधा आधी फिरतो आणि मग पुढे सरकतो. दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक चिवट चकती असते.

दुखण्याची खबर मेंदूकडे नेणारी एक मोठी मज्जातंतूची दोरी चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला असते. तिला तीन फाटे असतात. एक कपाळाकडे जातो, दुसरा वरच्या जबड्याकडे आणि तिसरा खालच्या जबड्याकडे. दात, हिरड्या, सांधा आणि कानाजवळचा भाग यांच्या खबरी या एकाच वाटेने जातात. त्यामुळे कधी कधी मेंदूचीच गफलत होते. दुखते एका ठिकाणी आणि वाटते दुसऱ्याच ठिकाणी. मराठीत एक म्हण आहे : 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.' आग एकीकडे लागली आणि पाण्याचा बंब भलतीकडेच धावला.

माझ्या आपाचे असेच झाले. तिचा उजवा कान दुखू लागला. घरच्यांनी कानात कोमट तेल घातले. शेजारच्या खालांनी आणखी दोन उपाय सुचवले. आठ दिवस झाले तरी ठणका थांबेना. शेवटी डॉक्टरांनी कान तपासला, तो अगदी स्वच्छ होता. मग त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितले. खालच्या जबड्यातली शेवटून दुसरी दाढ आतून पोखरली होती. दाढेवर उपचार झाले आणि कानाचे दुखणे आपोआप गेले.

जबडा दुखण्याची सर्वांत नेहमीची कारणे दातांतच असतात. गोड, चिकट पदार्थ दातांत अडकतात. तोंडातले जंतू त्यांचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात पोखरते. सुरुवातीला दुखत नाही. पुढे थंड पाणी प्यायल्यावर सणक येते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. तरीही दुर्लक्ष केले तर मुळाशी पू साचतो, गाल सुजतो आणि ताप येतो. अशा सुजेवर घरी शेक देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लवंग ठेवल्याने थोडा वेळ बधिरता येते, पण कीड जात नाही. दुखऱ्या दाताशी मिश्री किंवा तंबाखू धरणे हा तर उपायच नव्हे. एक दुखणे दाबण्यासाठी दुसरे, त्याहून मोठे दुखणे विकत घेण्यासारखे ते आहे.

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ या वयात येते. तिला जागा अपुरी पडली की ती आडवी-तिरपी होते, भोवतालची हिरडी सुजते आणि तोंड उघडताना कळ येते. तुमच्या मोठ्या भावाबहिणींना हा अनुभव आला असेल.

काही वेळा दोष दातांचा नसतो. सर्दी मुरली की गालाच्या हाडामागच्या पोकळ्या भरतात आणि वरचा जबडा जड होतो. सजद्याला वाकले, की हे दुखणे वाढते. गालगुंडांचा आजारही तुम्हांला ठाऊक असेल. उर्दूत त्याला 'कनपेडे' म्हणतात. त्यात कानाखालची लाळेची ग्रंथी सुजते. लिंबू किंवा लोणचे जिभेला लागले की लाळ सुटते आणि जबड्यात कळ जाते.

सांध्याचे दुखणे वेगळे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासताना मला त्याची ओळख झाली. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असे, कानशिले दुखत आणि तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येई. दंतवैद्यांनी माझे दात पाहिले. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही रात्री झोपेत दात खाता." माणूस रागावला की 'दात-ओठ खातो' असे मराठीत म्हणतात. मनावर ताण असला की काही जण झोपेतही तेच करतात. दंतवैद्यांनी काही दिवस मऊ अन्न, कोमट शेक आणि रात्री दातांवर बसवायचे एक कवच एवढेच सांगितले. महिन्याभरात बरे वाटू लागले. तुमच्यापैकी कोणी पेन चावतो, नखे कुरतडतो किंवा तासन्‌तास च्युइंगगम चघळतो का? हा सांधा त्यानेही थकतो.

मोठी जांभई देताना कधी हा सांधा निखळतो आणि तोंड मिटतच नाही. बुकरात, म्हणजे ग्रीसचा हिपोक्रॅटिस, याच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन ग्रंथांत असा जबडा जागेवर बसवण्याची रीत दिली आहे. आजचे डॉक्टरही बरीचशी तीच रीत वापरतात. मात्र हे काम जाणकाराचेच. घरच्यांनी ओढाताण करू नये.

'दातखीळ बसणे' हा वाक्प्रचार तुम्ही वाचला असेल. भीतीने बोलती बंद झाली की तो वापरतात. पण धनुर्वात नावाच्या रोगात दातखीळ खरोखरच बसते. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. खिळा गंजलेला असो वा नसो, जखमेत माती गेली की धोका असतो. जबडा घट्ट होणे ही या रोगाची पहिली खूण. त्यावर लस आहे. वयाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती सरकारी लसीकरणात मोफत दिली जाते. शाळेत लस देणारे लोक आले की मागच्या दाराने पळू नका.

आता ज्याच्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो, ते सांगतो.

एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचे नाव मी सांगणार नाही. वर्गात तो मोठ्या आवाजात कविता म्हणायचा. त्या दिवशी सगळे दस्तरखानावर बसले होते आणि तो बिर्याणीचा एकेक शीत बोटांनी चिमटून ओठांच्या फटीतून आत सारत होता. मी विचारले, "अरे, दाढ दुखते का?"

"नाही सर," तो म्हणाला, "तोंडच उघडत नाही. दोन बोटेसुद्धा जात नाहीत."

पुढे त्याने सगळे सांगितले. सातवीत असताना मित्राने त्याला गोड सुपारीची पुडी दिली. "तंबाखू थोडीच आहे यात?" असे मित्र म्हणाला. मग रोज एक पुडी, मग चार. शाळा सुटली आणि तो यंत्रमागावर कामाला लागला. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गुटखा सुरू झाला. काही वर्षांनी कालवण तिखट लागू लागले. तोंडाची आग होई, गाल आतून कोरडे पडत. पण दुखत नव्हते, म्हणून त्याने मनावर घेतले नाही. मग जांभई देताना गाल ओढल्यासारखे वाटू लागले. जबडा भरून येई. शिट्टी वाजेना. जीभ पूर्वीसारखी बाहेर निघेना.

मित्रांनो, सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालांच्या आतली मऊ त्वचा हळूहळू घट्ट होते. तिच्याखाली दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि ते तोंडाला जखडून टाकतात. त्यासाठी तंबाखू लागतच नाही, नुसती सुपारीही पुरते. 'गोड' किंवा 'सुगंधी' लिहिल्याने ती निर्दोष होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी कर्करोगकारक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. अशा आखडलेल्या तोंडांपैकी काहींत पुढे कर्करोग होतो. एकदा बनलेले पट्टे पूर्णपणे जात नाहीत. सुपारी सोडली तर रोगाची वाढ रोखता येते आणि उपचारांनी तोंड थोडे अधिक उघडते, इतकेच.

त्या मुलाने पुडी सोडली आहे. दंतवैद्यांनी त्याला एक व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एखादी काडी वाढवायची. मागच्या ईदला तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आता दोन बोटे जातात." त्याचा आनंद पाहून मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. त्याच्या वयाच्या तरुणाने रोटीचा पूर्ण घास घेता यावा एवढ्याचीच आशा करावी!

महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायलाही २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी गटारीच्या कडेला चमकणाऱ्या रिकाम्या पुड्या तुम्ही पाहता आणि मीही पाहतो. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो; तुमच्या हातातली पुडी तुम्हांलाच टाकावी लागेल.

आरशासमोर उभे राहा. मधली तीन बोटे एकत्र धरून ती उभी, एकाखाली एक, पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. मोठ्या माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे त्याचीच तीन बोटे त्यात मावतात. मावत नसतील तर जोर करू नका. घरी सांगा आणि दंतवैद्यांकडे जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात तपासणी होते. डॉक्टरांपासून पुडी मात्र लपवू नका. ते तुम्हांला रागावण्यासाठी विचारत नाहीत.

एक शेवटचे कारण, जे तुमच्या वयाचे नाही, पण तुमच्या घरातले असू शकते. आमच्या शेजारच्या चाचांना जिना चढताना खालच्या जबड्यात दुखायचे. खाली बसले की थांबायचे. ते म्हणत, "दाढ असेल." त्यांची मुलगी नववीत होती. तिच्या मनात शंका आली, की दाढ दुखायची तर जिना चढतानाच का दुखेल? एके संध्याकाळी चाचांचा जबडा आणि डावा हात दोन्ही दुखू लागले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. मुलगी कोणाचे ऐकत बसली नाही. तिने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावली. तो हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर उपचार मिळाले म्हणून चाचा वाचले. प्रत्येक जबडादुखी हृदयाची नसते. पण श्रम केल्यावर उठणारे, छातीत दाब, धाप किंवा घाम घेऊन येणारे दुखणे दाढेचे समजून घरी बसू नये.

पाहा, त्या मुलीने काय केले? दुखणे केव्हा येते आणि केव्हा थांबते एवढेच तिने नीट पाहिले. तुम्हीही तेच करा. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते 'दुखते' म्हणू नका. मराठीत त्यासाठी किती शब्द आहेत! दाताच्या मुळाशी पू झाला की 'ठणका' लागतो. थंड पाण्याने 'सणक' येते. उर्दूत जिला टीस म्हणतात, तिला मराठीत 'कळ' म्हणता येईल. सुपारीने तोंडाची 'आग' होते. सांधा 'आखडतो'. योग्य शब्द सांगितला की डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.

दुखणे सोसत गप्प बसण्याला मराठीत 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणतात. असा मार सोसू नका. जबडा तक्रार करू लागला, की तोंड उघडा आणि बोला. ते उघडते आहे तोवरच बोला.