आजीचं मुठेल

ऑफिसच्या एसीनं माझ्या कातडीची पार वाट लावली होती. महागडी बॉडी बटर्स झाली. दुपारपर्यंत हातपाय पुन्हा पांढरेफटक! शेवटी आईनं मालवणहून आलेली पुडी काढली. कोकमाच्या बियांचं मुठेल! आजी भेगाळलेल्या टाचांना लावायची, तेच.

मुठेल दगडासारखं कडक. म्हणून एक चमचा मुठेल, दोन चमचे खोबरेल गरम पाण्यावर वितळवलं, अर्धवट गोठल्यावर फेटलं. झालं बॉडी बटर! आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं, ओलावा टिकतो.

आठवड्यात टाचा मऊ झाल्या. ‘वायच चोळ गो,’ आजी म्हणायची, तेव्हा मी नाक मुरडून पळायचे. आता डबी भरलेली आहे, आजी नाही.