कलिंगडाच्या डोंगराकडे तोंड

30 सप्टेंबर 2023, शनिवार. ॲबिक्यू तलाव, न्यू मेक्सिको

काल दुपारी इथे गाडी लावली. समोर पेडर्नलचा सपाट माथा, खाली निळं पाणी. फोनला रेंज नाही. संध्याकाळी वारा सुटला आणि बाहेर काढलेलं कनातीचं छप्पर फडफडायला लागलं. रात्री वारा वाढणार की पडणार, हे सांगायला कुणी नाही. म्हणून टीव्ही लावायला घेतला. आमच्या आरव्हीत, म्हणजे या घरगाडीत, मला टीव्ही हवा असतो तो मुख्यतः यासाठीच. ज्या डोंगराखाली आपण झोपणार, त्या डोंगराचं हवामान सांगणारा माणूस त्याच परिसरातला हवा.

छतातलं हँडल फिरवून अँटेना उभी केली, चॅनल स्कॅन लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य. मग लक्षात आलं की कपाटाखालच्या पट्टीवरचा हिरवा दिवाच लागलेला नाही. आमच्या अँटेनाचा अ‍ॅम्प्लिफायर वर छतावर अँटेनातच बसवलेला आहे. त्याला गाडीच्या बॅटरीचे 12 व्होल्ट केबलमधूनच जातात आणि त्याचं बटण या पट्टीवर आहे. बटण बंद असलं की टीव्ही अँटेनाला नव्हे, बाहेरच्या केबलच्या जोडणीला लागलेला राहतो. बटण दाबलं, दिवा लागला, स्कॅन केला. एक वाहिनी सापडली, तीही दोन सेकंद चौकोन चौकोन दाखवून गेली.

हे म्हणाले, "अगं, अल्बुकर्की इथून खूप लांब पडतं." मला पटेना. कागदी नकाशा काढून पट्टी ठेवली. अल्बुकर्कीच्या मोठ्या वाहिन्यांचे मनोरे सँडिया डोंगराच्या माथ्यावर आहेत, 10,678 फुटांवर. इथून सरळ रेषेत साधारण 71 मैल, म्हणजे 114 किलोमीटर. कॉलेजात फिजिक्स शिकवताना मी एक सोपा हिशेब सांगायचे. मनोरा आसपासच्या जमिनीपेक्षा जितके फूट उंच, ती संख्या दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. साधारण तितके मैल त्याची लाट जमिनीला टेकेपर्यंत जाते. सँडिया खोऱ्यापेक्षा सव्वापाच हजार फूट तरी उंच आहे, म्हणजे शंभर मैल. अंतर आवाक्यात होतं.

पण पट्टीच्या बरोबर मध्ये चिकोमा डोंगर आला. 11,561 फूट. सँडियापेक्षाही उंच, आणि आमच्या दक्षिणेला भिंतीसारखा उभा. डिजिटल लाट असा डोंगर ओलांडत नाही. अशा भागांत ट्रान्सलेटर बसवतात, म्हणजे मोठ्या मनोऱ्याचं प्रक्षेपण घेऊन ते दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा सोडणारे छोटे मनोरे. ती दोन सेकंदांची वाहिनी बहुधा अशाच कुठल्यातरी ट्रान्सलेटरची असावी.

छप्पर गुंडाळून ठेवलं आणि झोपलो.

1 ऑक्टोबर, रविवार. ॲबिक्यू

इथे काही दिसणारच नाही हे कळल्यावर मन शांत झालं. आज केबल तपासायला घेतली. गाडी जुनी, घेतली तेव्हाच 15 वर्षांची. अँटेनापासून टीव्हीपर्यंत केबलचे चार सांधे, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी प्रत्येक सांधा सैल होतो.

टीव्हीमागचा सांधा ठीक होता. पट्टीमागचा उघडला आणि एक बिघाड हातात आला. मधली तांब्याची तार काळपट हिरवी पडली होती. भिंग लावून पाहिलं, तर बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू वाकून मधल्या तारेला टेकला होता. एकच तंतू. लाट जिच्यातून यायची ती तार आणि तिला बाहेरच्या गोंगाटापासून जपणारी जाळी, ही दोन्ही तिथे एक झाली होती.

दोन इंच केबल कापून टाकली. वरचं काळं आवरण सोललं, जाळी मागे दुमडली, पांढरा थर कापला, मधली तार चाकूच्या पाठीनं खरवडून लख्ख केली. जाळीचा एकेक तंतू बोटानं मागे बसवला. नवा कनेक्टर चढवून आवळला. चाळीस मिनिटं गेली. असली कामं मला मनापासून आवडतात. बिघाड डोळ्यांनी दिसतो आणि हातांनी काढता येतो.

2 ऑक्टोबर, सोमवार. कोचिती तलाव

दुपारी पोचलो. ॲबिक्यूहून चिकोमाला वळसा घालून त्याच्या दक्षिणेला आलो. समोर मोकळं खोरं आणि पलीकडे 30 मैलांवर सँडिया. मध्ये काहीही नाही.

अँटेना उभी केली. छतातलं गोल कडं दोन्ही हातांनी खाली ओढून फिरवत फिरवत बाण दक्षिणेकडे आणला. हे बाहेर फोनवरचं होकायंत्र धरून उभे होते. स्कॅन लावला. आकडा वाढत गेला, आणि पोटवाहिन्या धरून तीसच्या वर वाहिन्या आल्या. हवामानाचा नकाशा आला, कोचितीचं नाव त्यावर होतं! आज रात्री वारा नाही.

सूर्य मावळताना तो डोंगर गुलाबी झाला. स्पॅनिशमध्ये सँडिया म्हणजे कलिंगड. वर हिरवी झाडी, खाली गुलाबी कातळ. नाव नेमकं दिलंय. अंधार पडल्यावर माथ्यावर मनोऱ्यांचे लाल दिवे लुकलुकू लागले, आणि मला एकदम अण्णा आठवले.

आज 2 ऑक्टोबर. मुंबई दूरदर्शन 1972 साली याच तारखेला सुरू झालं. पुढे सिंहगडावर मनोरा आला आणि पुण्यात आमच्याकडे टीव्ही आला. सदाशिव पेठेतल्या गच्च्यांवरच्या सगळ्या अँटेना एकाच दिशेला तोंड करून असायच्या, नैऋत्येला, गडाकडे. जोराचा वारा झाला की आमची वळायची. अण्णा गच्चीवर पाइप धरून, दादा जिन्यात, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "आलं, आलं! गेलं!" माझा आवाज दादा वर पोचवायचा. 'आमची माती आमची माणसं'ची नाममुद्रा मुंग्यांमधून हळूहळू उमटायची आणि अण्णा वरूनच म्हणायचे, "हं, आता हलवू नका कुणी."

त्या मुंग्या खरं तर मोठा आधार होत्या. चित्र फिकट असलं तरी कळायचं की आपण बरोबर वाटेवर आहोत, अजून थोडं फिरवा. अमेरिकेत 12 जून 2009ला मोठ्या केंद्रांचं जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि मुंग्या गेल्या. आता चित्र असतं तेव्हा लख्ख असतं, आणि लाट थोडी कमी पडली की काहीच नसतं. म्हणून अँटेना फिरवताना घाई करून भागत नाही. बोटभर फिरवायचं, थांबायचं, मनात दहा मोजायचे, सिग्नलची पट्टी पाहायची. मग पुन्हा बोटभर. अण्णांची घाईची सवय मी इथे मोडली.

4 ऑक्टोबर, बुधवार. कोचिती

दोन दिवस एक कोडं पडलं होतं. रात्री सगळं उत्तम. सकाळी नऊ वाजले की 7 आणि 13 नंबरच्या वाहिन्या तुटायला लागतात. 4 आणि 5 मात्र ठणठणीत. डोंगर तोच, मनोरे तेच.

वाहिनीचा नंबर आणि तिची खरी लाट एकच असेल असं इथे नसतं. 4 म्हणून दिसणारी प्रत्यक्षात 26व्या वाहिनीवर येते, 5 म्हणून दिसणारी 35व्या. या यूएचएफच्या, अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लाटा. 7 आणि 13 मात्र खरोखरच 7 आणि 13वर आहेत, व्हीएचएफवर, दीड मीटरच्या आसपास. म्हणजे दिवसा असं काहीतरी सुरू होत होतं, जे फक्त लांब लाटेला त्रास देत होतं.

शेजारच्या ट्रेलरमध्ये एक आजोबा आहेत, एकटेच फिरतात. त्यांना सांगितलं. ते काही न बोलता आत गेले आणि खिशाएवढा ट्रान्झिस्टर घेऊन आले. मीडियम वेव्हवर, जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवला, आवाज मोठा केला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा घेऊन घरभर फिरा."

फिरले. फ्रिजजवळ काही नाही. छताच्या दिव्याखाली बारीक गुणगुण. पलंगाखालचं झाकण उघडलं आणि ट्रान्झिस्टर किंचाळलाच. तिथे सोलर पॅनेलचा कंट्रोलर आहे. छतावरची वीज बॅटरीला मानवेल अशी करताना तो ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. त्या तोडजोडीचा गोंगाट तारांमधून बाहेर पडतो. अँटेनाची केबल त्याच तारांच्या जुडग्यात बांधलेली होती. रात्री ऊन नाही, कंट्रोलर झोपलेला, म्हणून रात्री 7 नंबर स्वच्छ.

केबल सोडवून पलीकडच्या भिंतीनं नेली. कंट्रोलरच्या तारांवर आजोबांनी दिलेले फेराइटचे दोन मणी चढवले, काळे, जड, मिटणाऱ्या डबीसारखे. ट्रान्झिस्टरचा आवाज निम्म्यावर आला. 13 दिवसभर टिकली. 7 अजून मधूनच तुटते. तिच्यावरचा कार्यक्रम पाहायचा असेल तर तेवढा वेळ पॅनेलचा खटका पाडते.

दुकानात यावर मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या असं सांगतात. मी कधीही घेणार नाही. अ‍ॅम्प्लिफायरला डोंगराची लाट आणि पलंगाखालचा गोंगाट यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारखेच वाढवून देतो.

7 ऑक्टोबर, शनिवार. अल्बुकर्की, बलून फिएस्टा

गरम हवेच्या बलूनांच्या मेळ्याचं मैदान, शेकडो आरव्ही रांगेनं. सँडिया इथून आठ-नऊ मैलांवर, अगदी उशाशी. वाटलं, आता काही करायला नको. पण स्कॅनमध्ये कोचितीपेक्षा कमी वाहिन्या! लाट इतकी जोरकस की अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो. अँटेनाचं तोंड डोंगरापासून बाजूला फिरवलं, आणि सगळ्या परत आल्या.

पहाटे साडेपाचला स्थानिक वाहिनी लावली. खालचा वारा दक्षिणेकडे, वरचा उत्तरेकडे, असं झालं की बलून खालच्या वाऱ्यानं जातो, वर चढतो आणि वरच्या वाऱ्यानं परत येतो. इथले लोक याला 'अल्बुकर्की बॉक्स' म्हणतात. हवामानवाला हातांनी ते वारे दाखवत होता, आणि दार उघडलं की तेच वारे माझ्या गालाला लागत होते.

14 ऑक्टोबर, शनिवार. तिथेच

आज सर्वपित्री अमावास्या आणि इथे कंकणाकृती सूर्यग्रहण. भारतात ते दिसणार नाही. खीर ग्रहणाआधीच सकाळी केली, अण्णांचं आणि सासूबाईंचं पान वाढलं, एक घास बाहेर ठेवला. कावळा नाही, पण एक काळाभोर रेव्हन बराच वेळ दिव्याच्या खांबावर होता.

सव्वानऊला ग्रहण लागलं. टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवला होता. स्थानिक वाहिनी याच मैदानातून थेट दाखवत होती. आम्ही काळे चष्मे लावून बाहेर. ऊन पातळ होत गेलं, थंडी वाजायला लागली. मी पलंगाखालचा कंट्रोलर बघून आले, पॅनेलची वीज उतरत होती.

10 वाजून 34 मिनिटांनी कडं पूर्ण झालं. सगळ्या मैदानातून एकच आवाज उठला, आणि दोन-तीन सेकंदांनी तोच आवाज आमच्या टीव्हीतून आला. मैदानातून केंद्राकडे, तिथून डोंगराच्या माथ्यावर, तिथून आमच्या छतावर. मी झारा उन्हात धरला. त्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक बांगडी पडली. पावणेपाच मिनिटं. यांनी न बोलता माझा हात धरला होता.

16 ऑक्टोबर, सोमवार. निघताना

घट काल बसले, छोट्या वाटीत गहू पेरलेत. आज दक्षिणेला सोकोरोकडे.

अँटेना उतरवली. आधी कडं फिरवून बाण बाणासमोर आणला. तसं न करता उतरवली तर पंख छतावरच्या झरोक्यावर आपटतात. मग हँडल उलटं फिरवत जड लागेपर्यंत खाली. बाहेर जाऊन बघून आले. उभ्या अँटेनासकट गाडी निघाली तर पहिल्याच झाडाखाली ती मोडते. म्हणून अँटेना वर असेपर्यंत स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधलेली असते, माझ्या जुन्या इरकलीचा काठ. तो सोडला.

"उतरली?" यांनी विचारलं.

"उतरली. चला."

सँडिया डाव्या हाताला आहे. किती मैल दिसत राहतो ते बघायचंय.