एकाच घरच्या काठ्या

गोल्फचा खेळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं कुंपणाबाहेरूनच पाहिला असेल. मीं तो कुंपणाच्या आंतून पाहिला, परंतु दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. माझे वडील पुण्याजवळच्या एका मैदानावर कॅडी होते आणि सुटीच्या दिवशीं मीहि त्यांच्याबरोबर जात असें. पुढें नोकरी लागली, हातांत चार पैसे आले, आणि ज्या खेळाचें ओझें वाहिलें तो खेळ मी स्वतः खेळूं लागलों. त्या खेळांतील एका वादाविषयीं आज लिहावयाचें आहे. जवळच्या टप्प्याच्या काठ्या, म्हणजे ज्यांना वेज म्हणतात त्या, एकाच संचांतल्या घ्याव्या कीं ठिकठिकाणच्या निवडून त्यांची मिसळ करावी? वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्याच्यापायीं मी एक सामना हरलों, आणि सामन्याहून मोलाचें असें कांहीं गमावण्याच्या बेतांत होतों.

लोखंडी काठीचें पातें जितकें उभें, तितका चेंडू लांब जातो. जितकें तिरपें, तितका तो उंच चढून लवकर खालीं येतो. हा तिरपेपणा अंशांत मोजतात. सर्वांत तिरप्या पात्यांच्या ज्या तीनचार काठ्या, त्या वेज. ध्वज शंभर यार्डांच्या आंत आला म्हणजे सारी मदार यांच्यावर. पिशवींत चौदांहून अधिक काठ्या ठेवतां येत नाहींत. अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं हा नियम झाला. त्यापूर्वीं कांहीं खेळाडू वीसाहून अधिक काठ्या बाळगीत. नियम करणारांस त्या काळच्या कॅड्यांनीं मनोमन दुवा दिला असेल, असें मला आपलें वाटतें.

बाबांपाशीं एक जुनी सँड वेज होती. एका वृद्ध खेळाडूनें खेळ सोडतांना ती त्यांना दिली होती. पात्यावरचें कारखान्याचें नांव झिजून गेलें होतें, आणि बाबांनीं लोहाराकडून तिचा तळ कानशीनें घासून घेतला होता. चांगल्या काठीची अशी खराबी त्यांनीं कां केली, हें मला लहानपणीं कळत नसे.

वस्तुतः सँड वेजेचें सारें रहस्य त्या तळांतच आहे. जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूनें आपल्या काठीच्या तळाला मागच्या बाजूनें धातूचा थर चढविला, आणि १९३२ सालीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत, प्रिन्सेस मैदानावर, ती काठी घेऊन ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. पात्याची धार वाळूंत रुतण्यापूर्वीं हा फुगवटा वाळूवर टेकतो आणि काठी पाण्यावरच्या होडीसारखी वर उचलली जाते. खेळाडू याला बाउन्स म्हणतात. वाळूंत, ओल्या गवतांत हा गुण. वाळलेल्या टणक जमिनीवर मात्र हाच अवगुण. तळ आधीं आपटतो, धार वर उडते, आणि चेंडूच्या खालीं जाण्याऐवजीं त्याच्या पोटावर बसते.

हें सर्व ज्ञान मला नव्हतें त्या वर्षीं मीं नवा कोरा संच घेतला. त्यांत वेज तीन : ४४, ४९ आणि ५४ अंशांच्या. तिघींचीं पातीं सारखीं, दांडे सारखे, मुठी सारख्या. मीं मोठ्या हौसेनें त्या बाबांपुढें मांडल्या.

"बाबा, तिन्ही एकाच घरच्या."

त्यांनीं एकेक उलटून तळ पाहिला. "दिसतात खऱ्या. पण तिघींना काम एकच आहे का?"

मे महिन्यांत एक लहानशी स्पर्धा होती. माझी पिशवी वाहण्याचा हट्ट बाबांनीं धरला. निघतांना ते म्हणाले, "अरे, माझी ती जुनी असूं दे बरोबर. जमीन दगडासारखी झाली आहे."

मी म्हणालों, "चौदा झाल्या, बाबा."

झाल्या होत्या तेरा. खरें कारण असें कीं, त्या चकचकीत काठ्यांच्या शेजारीं ती गंजकी काठी पाहून लोक विचारतील, ती कोठली, कोणाची, असें मला वाटलें. आणि ज्या माणसानें उभा जन्म पिशव्या वाहण्यांत घालविला, त्याला काठ्या मोजतां येत नाहींत काय? बाबा कांहीं बोलले नाहींत. पिशवी उचलून चालूं लागले.

शेवटच्या टप्प्यापर्यंत आम्ही बरोबरींत होतों. माझा चेंडू हिरवळीपासून दहाबारा पावलांवर पडला. हिरवळीला रोज पाणी मिळतें. तिच्या कडेची जमीन उन्हानें तडकली होती. मीं नव्या संचांतली ५४ अंशांची वेज घेतली. रुंद तळ खट्‌कन आपटला, धार चेंडूच्या पोटावर बसली, आणि चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या झुडपांत गेला. एका फटक्यानें हरलों. बाबांनीं काठी हातांतून घेतली, फडक्यानें पुसली आणि जागेवर ठेवली. घरीं येईपर्यंत त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. त्यांनीं रागें भरावयास हवें होतें!

त्या रात्रीं मीं खोटें बोललों हें कबूल केलें. ते म्हणाले, "तेरा होत्या, ठाऊक होतें मला," आणि जेवावयास बसले.

एवढ्यावर ही गोष्ट संपती, तर जुनें तें सोनें असें म्हणून मोकळें होतां आलें असतें. पश्चात्तापाच्या भरांत मीं ४९ व ५४ या दोन्ही काठ्या कपाटांत टाकल्या आणि बाबांची ती एकटी घेऊन खेळूं लागलों. तिचा तिरपेपणा ५६ अंश. म्हणजे ४४ नंतर एकदम ५६! एकीनें माझा चेंडू ११० यार्ड जाई, दुसरीनें ८०; मधल्या अंतरासाठीं अर्ध्यामुर्ध्या शक्तीनें मारावें लागे आणि तें मला कधींच साधत नसे. पूर्वीं ही अडचण एवढी नव्हती. पन्नास वर्षांमागें पिचिंग वेज सुमारें ५० अंशांची असे. आजच्या पुष्कळ संचांत ती ४३ ते ४६ अंशांवर आली आहे. चेंडू दूर गेला म्हणजे गिऱ्हाईक खूष होतें, हें कारखानदारांस पक्कें समजलेलें आहे. पावसाळ्यांत आणखी एक फजिती झाली. घासलेल्या तळाची ती काठी चिखलांत कुदळीसारखी रुतूं लागली.

तेव्हां माझें मत असें झालें. पूर्ण जोरानें मारावयाच्या वरच्या दोन वेज संचांतल्याच असाव्या; तेथें हाताला सवयीचें वजन व लांबी हवी, आणि फटका किंचित् चुकला तरी संचाचें रुंद पातें सांभाळून घेतें. त्याखालच्या मात्र जमीन पाहून, तळ पाहून, मग कोणत्याहि घरच्या घ्याव्या. पुष्कळ व्यावसायिक खेळाडूहि खालच्या वेज स्वतंत्रपणें निवडतात. जुळावयाचीं तीं अंतरें. दोन काठ्यांत चारपांच अंशांचें अंतर राहिलें कीं पात्यांवरचीं नांवें जुळोत वा न जुळोत. दांड्यांच्या वजनांत मात्र फार तफावत नसावी. हें मीं तिसऱ्या दुकानांत जाऊन, पैसे खर्चून शिकलों.

सध्यां माझ्या पिशवींत ४४ व ४९ या संचांतल्या आहेत. खालची काठी ऋतूप्रमाणें बदलते. पावसाळ्यांत दुसऱ्या कारखान्याची, जाड तळाची, ५४ अंशांची. होळीपासून मृगापर्यंत बाबांची. तेव्हां अंतर सात अंशांचें पडतें, तें मीं सोसावयाचें ठरविलें आहे. बाबांना आतां पिशवी पेलत नाहीं. यंदां मार्च लागला तेव्हां त्यांनीं आपण होऊन ती काठी बाहेर काढली, गंज घासला, आणि तिला नवी मूठ बसविली. मूठ संचांतल्या काठ्यांच्याच रंगाची आहे. दुकानांत जाऊन त्यांनीं ती मागून आणली होती.